दळणाचा डबा कधी आला होता?

नमस्कार श्रोतेहो.

संध्याकाळी सात वाजले की आपल्या खान्देशात घरोघरी फोन वाजायला लागतात. सुरतहून, पुण्याहून, नाशिकहून. "माय, जेवनी का?" आणि इकडून उत्तर जातं, "जेवनू ना भाऊ." फोन ठेवून मुलगा निर्धास्त होतो. आज बोलायचंय ते या उत्तराबद्दल. एकटं राहणारं म्हातारं माणूस जेवलं की नाही, हे त्याला विचारून कळत नाही. घरातला डबा बघून कळतं.

तापीकाठच्या एका गावातल्या जिजींची गोष्ट ऐका. वय अडुसष्ट, नवरा गेलेला, मुलगा सुरतेला. घरात कशाची कमी नव्हती. कोठीत दादर ज्वारी होती, फळीवर डाळी होत्या, गॅस होता, महिन्याला पैसे येत होते. रोजचा फोन होता आणि रोज "जेवनू ना भाऊ" होतं. शेजारीण येऊन बसायची, तिलाही काही जाणवलं नाही. अंगभर लुगडं आणि डोक्यावर पदर, त्यात माणूस किती वाळलं ते दिसत नाही.

ओळखलं कोणी? गिरणीवाल्याने. जिजींचा डबा पाच किलोचा, पत्र्याचा, झाकणाला दोरी बांधलेला. वर्षानुवर्षं तो दर वीस दिवसांनी गिरणीवर यायचा. हिशोब सरळ आहे. एका भाकरीला साधारण 80 ग्रॅम पीठ. दिवसाच्या तीन भाकरी म्हणजे 240 ग्रॅम, म्हणजे पाच किलो पीठ वीस-एकवीस दिवसांत संपतं. त्या वर्षी डबा आला तो थेट अडीच महिन्यांनी. पाच किलो भागिले 75 दिवस केलं तर दिवसाला 67 ग्रॅम येतात. एक भाकरसुद्धा नाही! गिरणीवाला शिकलेला नव्हता, पण दळणाचा हिशोब त्याला तोंडपाठ. त्याने त्याच संध्याकाळी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना सांगितलं. (तयार पिठाच्या पिशव्या आल्या आणि गावातल्या गिरण्या एकेक करून बंद पडू लागल्या, याचं मला फार वाईट वाटतं. पिशवी विकणाऱ्याला कोणाच्या घरात किती खपतं ते कळत नाही. गिरणीवाल्याला कळतं.)

आशाताईंनी जिजींना आरोग्य उपकेंद्रात नेऊन काट्यावर उभं केलं. मागच्या वर्षीच्या कार्डावर 46 किलो होते, आता काटा 40 वर. न ठरवता वर्षात शंभरातले पाच भाग वजन गेलं तरी ती धोक्याची खूण. इथे तेरा भाग गेले होते. मग त्यांनी भिंतीला टेकवून खुर्ची ठेवली आणि सांगितलं, हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठा, बसा. पंधरा सेकंदांच्या आत व्हायला हवं. जिजी तिसऱ्यांदा उठताना हाताचा आधार शोधायला लागल्या.

जिजी खात काय होत्या? सकाळी चहा-टोस्ट, दुपारी अर्धी भाकर चहात कुस्करून, रात्री पुन्हा चहा-टोस्ट. म्हणजे "जेवनू" हे त्यांच्या मते खोटं नव्हतंच. कारण विचारल्यावर म्हणाल्या, "एकलीसाठे काय भाकर टाकू?" पण खोदून विचारल्यावर आणखी तीन गोष्टी निघाल्या. मनगटात जोर नव्हता, त्यामुळे भाकरी थापताना तुटायची. वजन उतरलं तशी कवळी सैल झाली होती, दादरची भाकर चावली की हिरडी सोलायची. आणि साखरेच्या आजाराची गोळी मात्र नेमाने, निव्वळ चहावर घेत होत्या. दोनदा ओट्यावर चक्कर येऊन पडल्या, तेही कोणाला सांगितलं नव्हतं. पोटात अन्न नसताना या आजाराच्या काही गोळ्या साखर फार खाली आणतात. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी गोळी कमी केली.

पुढे चूक झाली, ती नीट ऐका. मुलगा सुरतहून धावत आला आणि मायेपोटी पहिल्याच दिवशी डाळ-बट्टी, तूप, वर केळी असं सगळं खायला घातलं. जुलाब लागले आणि जिजींनी खाणंच सोडलं. फार दिवस अर्धपोटी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न झेपत नाही. रक्तातले क्षार बिघडून जीवावर बेतू शकतं. अशा माणसाला डॉक्टरांना विचारून, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्यायचं आणि आठ-दहा दिवसांत वाढवत न्यायचं. जिजींना तसंच दिलं. आधी मुगाचं कढण, मग मऊ खिचडी, मग कळणा.

कळण्याचं आता सांगते. एक किलो ज्वारी, पाव किलो सालासकट उडीद, एकत्र दळायचं. ज्वारीच्या प्रथिनात जे कमी असतं ते उडदात असतं. आपल्या आज्यांनी हे जोडून ठेवलंय. दळणातच मीठ घालायची पद्धत आहे, पण रक्तदाब असेल तर घालू नका. पंधरा दिवसांपुरतंच दळा, पावसाळ्यात पीठ लवकर कडू होतं. भाकरी थापवत नसेल तर पीठ पातळ कालवून धिरडं घाला, त्याला मनगट लागत नाही. चावत नसेल तर कढीत भिजवा. चहात भिजवू नका. चहाने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, म्हणून जेवण आणि चहा यांत एक तासाचं अंतर ठेवा.

आता प्रमाण. म्हातारपणी प्रथिनं कमी नाही, जास्त लागतात. किलो वजनाला एक ते सव्वा ग्रॅम. 45 किलोच्या बाईला रोज 45 ते 56 ग्रॅम. सकाळी एक कप दूध आणि दोन चमचे शेंगदाण्याचा कूट, त्यातून दहा. दुपारी कळण्याच्या दोन लहान भाकरी आणि मूठभर डाळीचं वरण, त्यातून वीस-एकवीस. रात्री मूठभर तांदूळ, तेवढीच मूगडाळ अशी खिचडी आणि वाटीभर दही, त्यातून सोळा. झाले की नाही 45च्या वर? अंडं चालत असेल तर एकात सहा ग्रॅम. पुन्हा सांगते: दूध आणि कूट, कळणा आणि वरण, खिचडी आणि दही. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. एकादशीला साबुदाणा खाल्ला तर त्यात प्रथिन जवळजवळ नसतं, म्हणून त्या दिवशी दूध आणि दाणे वाढवा.

नुसतं खाऊन स्नायू येत नाहीत, त्यांना कामही लागतं. खुर्चीवरून उठ-बस, सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच, शेजारी कोणी असताना. आणि पाणी. या वयात तहानच कमी लागते, त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. तांब्या भरून डोळ्यांसमोर ठेवा.

आणि बाहेरगावच्या मुलांनो, गावी जाताना टोस्ट-बिस्किटांचे पुडे नेऊ नका. भाजलेले दाणे न्या, कूट करून न्या. फोनवर "जेवनी का" विचारायचं असेल तर विचारा, पण त्याच्यापुढे हेही विचारा: आज काय रांधलं? डाळ कोणती? दळण कधी आणलं? आणि महिन्यातून एकदा गिरणीवाल्यालाही फोन करा. जिजींचा मुलगा आता तसंच करतो. गेल्या खेपेला डबा बाविसाव्या दिवशी आला होता.

नमस्कार.