दफ्फुफा कुणी बांधला?

नमस्कार श्रोतेहो.

सुदानच्या उत्तर भागात, नाईलच्या काठी, केर्मा नावाचं लहानसं गाव आहे. खजुराची झाडं, नदीच्या पाण्यावरची शेतं, मातीची घरं. घरांपलीकडे कच्च्या विटांचा एक अजस्र ढीग दिसतो, अठराएक मीटर उंच. तिथले नुबियन लोक त्याला दफ्फुफा म्हणतात. साडेतीन हजार वर्षांहून जुनं मंदिर आहे ते. उन्हात वाळवलेली माती, आणि अजून उभी!

१८९६ मध्ये ब्रिटिश सेनापती किचनरची फौज या भागात आली, पाठोपाठ वादी हाल्फाहून रेल्वे आली. सुदानवर इंग्रज आणि इजिप्तचा संयुक्त अंमल बसला. १९१३ साली जॉर्ज राइझनर हे अमेरिकन पुरातत्त्वज्ञ इथे खोदकामाला आले. माणूस अतिशय काटेकोर. एका भल्या थोरल्या थडग्यात त्यांना राजासोबत पुरलेली शेकडो माणसं सापडली. दुसऱ्या एका थडग्यात हापजेफा या इजिप्शियन सरदाराचा आणि त्याच्या पत्नीचा असे पुतळे मिळाले. राइझनरनी ठरवून टाकलं, की इथे इजिप्तचे सुभेदार राहत आणि ही थडगी त्यांचीच. काळ्या माणसांनी असं राज्य उभारलं असेल, हे त्यांच्या मनाला शिवलंच नाही. मला या गोष्टीचा अजून राग येतो.

कारण ते पुतळे केर्माच्या राजांनी इजिप्तमधून लुटून आणले असावेत, असं आज अभ्यासक मानतात. इजिप्तमध्ये एल काबच्या एका थडग्यात तर कुशच्या, म्हणजे केर्माच्या या राज्याच्या, स्वारीचं वर्णन करणारा लेखच सापडला आहे. स्वित्झर्लंडचे पुरातत्त्वज्ञ शार्ल बोने यांनी केर्मात कित्येक दशकं खोदकाम केलं. तटबंदी, खंदक, भट्ट्या, गोल दरबारगृह असं अख्खं शहर त्यांनी उजेडात आणलं.

आणि तिथली भांडी! चाकाविना हातांनी घडवलेली, अंड्याच्या टरफलासारखी पातळ, वर काळी, खाली तांबडी. विदर्भातल्या शिळावर्तुळांतली काळी-तांबडी भांडी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ती ओळखीची वाटतील. नातं काही नाही, पण हात तसाच सराईत.

२००३ साली दफ्फुफापासून जवळच, दुक्की गेल इथे, बोने यांच्या चमूला एका खड्ड्यात काळ्या दगडाचे सात राजपुतळे मिळाले, तोडून पुरलेले. तुकडे जुळवून ते गावातल्या संग्रहालयात उभे केले. त्यांतला एक तहार्काचा. तो कुशचा राजा, आणि इजिप्तचाही.