काच तापली म्हणजे ट्यूब जिवंत, असं नाही

ही ५सी२२. हायड्रोजन थायराट्रॉन, म्हणजे आत हायड्रोजन भरलेली, इशारा मिळताच मोठा करंट सोडणारी स्विच-ट्यूब. दुसऱ्या महायुद्धात रडारला दणकट पल्स द्यायला जे स्विच लागत होते त्या घराण्यातली, आणि कागदोपत्री १६ किलोव्होल्ट झेलून ३२५ अँपिअरचा झटका सोडणारी. दिसायला मात्र साधी काचेची बाटली.

हीटरला ६.३ व्होल्ट दिले की कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारं टोक, लाल होतो आणि आपण खूश होतो, पण त्यावरून फक्त हीटर शाबूत आहे एवढंच कळतं, कारण खरं काम करतो तो आतला हायड्रोजन आणि तो काही दिसत नाही. पाच मिनिटं थांबायचं. घाई केली तर कॅथोडची वाट लागते.

आता ॲनोडचं, म्हणजे समोरच्या पॉझिटिव्ह टोकाचं, व्होल्टेज हळूहळू वाढवतोय, ग्रिड, म्हणजे मधली ताबा ठेवणारी जाळी, रेझिस्टरमधून कॅथोडला बांधलेली, ट्रिगर नाही. दहा, बारा, सोळा... हूं की चूं नाही! इथे फसायला होतं बघा. हवा शिरलेली ट्यूब कमी व्होल्टेजला ट्रिगरशिवाय आपोआप पेटते, तिला लगेच पकडता येतं. पण हायड्रोजन कमी झालेली ट्यूब उलट जास्त व्होल्टेज आरामात झेलते, कारण आत इलेक्ट्रॉनला धडकायला रेणूच कमी.

मग ट्रिगर. ग्रिडला दोनशे व्होल्टच्या वरचा पॉझिटिव्ह पल्स, आणि ऑसिलोस्कोपवर बघायचं की ग्रिड पेटल्यानंतर ॲनोडचं व्होल्टेज कोसळायला किती वेळ लागतो. एकदा पेटली की ग्रिडचा तिच्यावर ताबा राहत नाही, पल्ससाठी चार्ज साठवणारा कपॅसिटर रिकामा होऊन करंट थांबला तरच ती बंद होते. हायड्रोजनचे आयन हलके, त्यामुळे पुढच्या पल्ससाठी ती चटकन मोकळी होते, पाऱ्याच्या वाफेवर चालणारी थायराट्रॉन इथे मागे पडते.

आधी तपासलेल्या पहिल्या ट्यूबचे सगळे ट्रेस, म्हणजे ऑसिलोस्कोपवरच्या रेषा, एकावर एक बसले. या दुसरीचा उशीर जास्त आहे, आणि चालवत राहिलं की सरकत सरकत वाढतोय. म्हणजे गॅस खाल्ला गेलाय. नंतरच्या मॉडेलमध्ये हायड्रोजन परत सोडणारा साठा आतच बसवलेला असतो, हिच्यात ती सोय नाही.

सप्लाय बंद. डिस्चार्ज काठी कपॅसिटरला एकदा, थोडं थांबून परत एकदा, कारण मोठा कपॅसिटर स्वतःहून थोडा चार्ज परत धरतो. आणि ट्यूबवर चिठ्ठी: 'गॅस कमी'.