पिल्लूचा श्वास आणि बीपीची गोळी

आधी हा श्वासाचा आवाज ऐका, हेडफोन असेल तर लावा. ही माझी भाची, तेव्हा अडीच महिन्यांची, आणि हे ताईने रात्री दोन वाजता मोबाईलवर रेकॉर्ड केलंय, कारण डॉक्टरकडे नेलं की नेमका आवाज कमी व्हायचा.

सर्दी आहे, कफ आहे म्हणत महिना गेला, आजीने वेखंड उगाळून लावलं, मग क्रूप, म्हणजे संसर्गाने स्वरयंत्राला येणारी सूज, म्हणून स्टेरॉइड दिलं आणि खरंच चार दिवस बरं वाटलं, औषध संपलं की परत तेच, दूध पिताना दम लागायचा आणि गळ्याखाली खळगा पडायचा. असं दोनदा झालं. शेवटी एका डॉक्टर मॅडमनी हनुवटीखालचा लाल डाग दाबून बघितला, घरात आम्ही सगळे त्याला ग्रहणाचा डाग म्हणायचो, आणि म्हणाल्या, असाच आत पण असू शकतो, दुर्बिणीने बघून घेऊ.

हे बघा, स्वरयंत्राच्या जरा खाली, डावीकडे, लाल गुळगुळीत फुगलेलं. हिमँजिओमा. रक्तवाहिन्यांची गाठ, कॅन्सर नाही. पण एवढ्याशा बाळाची श्वासनळी तिथे साधारण 4 मिलीमीटर, आतून चहूबाजूंनी 1 मिलीमीटर सूज आली तरी हवेला जायला पाव जागाच उरते!

पूर्वी अशा कितीतरी बाळांच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवायला लागायची. मग फ्रान्समधल्या बोर्डोला डॉ. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ यांच्या टीमने एका बाळाला हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं, म्हणजे आपली जुनी बीपीची गोळी, आणि दुसऱ्याच दिवशी त्याची लालभडक गाठ जांभळी, मऊ पडलेली. 2008 मध्ये त्यांनी ते छापलं, आणि तेच औषध आमच्या पिल्लूला दिलं.

पहिले डोस वॉर्डातच, पायाला मॉनिटरची वायर, टाचेतून शुगर. आधी दूध, मगच औषध, कारण उपाशीपोटी शुगर उतरू शकते. हे भाऊजी, गोळी कुटून पाण्यात घोळवतायत, वजनाच्या हिशोबाने बिनसुईच्या सिरिंजमध्ये ओढतायत, रेघ डोळ्यासमोर धरून तीनदा बघतायत. वर्षाची होईपर्यंत रोज हेच केलं त्यांनी.

दुसऱ्या रात्री आवाज थांबला. ताई दचकून उठली, नाकापाशी बोट धरलं, मग पोटावर हात ठेवला आणि उजाडेपर्यंत तशीच बसून राहिली.