फॅमिली डॉक्टर शिकतो कुठं, राहतो कुठं

(अंबाजोगाई येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

योगेश्वरीच्या गावात बोलायला बोलावलं की मी नाही म्हणत नाही. इथंच शिकलो, इथल्याच मेसची पातळ आमटी साडेपाच वर्षं खाल्ली. शिवाय समोर निम्मे चेहरे ओळखीचे दिसतायत. ज्यांची शुगर वाढलीय त्यांनी मधल्या वेळच्या चहात साखर घालू नये, मी इथून बघतोय.

सुरुवातीला एक विचारतो. ज्यांचं लेकरू यंदा नीटची तयारी करतंय, त्यांनी हात वर करा. बघा, अर्धं सभागृह. लातूर हाकेच्या अंतरावर आहे, व्हायचंच. आता त्याच लेकरानं डॉक्टर होऊन केजला, धारूरला नाहीतर वडवणीला दवाखाना टाकावा असं ज्यांना वाटतं, त्यांनीच हात वर ठेवा. दोन राहिले. त्यातले एक आमचे कंपाउंडर आहेत, ते धरायचे नाहीत.

माझा विषय हाच आहे. आपल्याकडं डॉक्टर तयार होत नाहीत, ही ओरड आता खरी राहिलेली नाही. १९५६ साली औरंगाबादला घाटी, म्हणजे तिथलं सरकारी मेडिकल कॉलेज, सुरू झाली, तेव्हा मराठवाड्यात दुसरं काही नव्हतं. सत्तरच्या दशकात आपलं अंबाजोगाईचं आलं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं, आणि त्या नावात ‘ग्रामीण’ हा शब्द मुद्दाम घातला गेला. मग १९८८ ला नांदेड, २००२ ला लातूर. पुढं वीस वर्षं काही नाही, आणि एकदम २०२२ ला धाराशिव, २०२३ ला परभणी, २०२४ ला जालना आणि हिंगोली. म्हणजे आज आठही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तरीही तालुक्याच्या गावात रात्री दोनला लेकराला झटके आले तर बाप गाडी कुठं शोधतो? जिल्ह्याच्या रस्त्याला. का, ते सांगायला मी आलोय. पण त्याआधी काकांची गोष्ट सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यातूनच निघालंय.

१९८४ साल. इंटर्नशिपमध्ये मला तीन महिने एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर टाकलं होतं. वेशीजवळ एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना होता. हैदराबादला शिकलेले, पोलीस ॲक्शननंतर गावी आले ते आलेच. सगळं गाव त्यांना काका म्हणायचं. संध्याकाळी करमत नाही म्हणून मी त्यांच्याकडं जाऊन बसायचो.

त्यांची एक चोपडी होती. लाल कापडी बांधणीची, आडत दुकानात असते तसली. आमच्या केंद्रावरचं रजिस्टर तारखेनं चालायचं: आज किती पेशंट, किती ताप, किती जुलाब. काकांच्या चोपडीत एका घराला एक पान. वर घरच्या कर्त्याचं नाव, खाली माणसं. कुठल्या सुनेचं माहेर कोणतं, कोण कधी बाळंत झाली, कुणाला दमा, कुणाला फिट, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात उधारी. ती उधारी पाडव्याला, साखर कारखान्यावरून ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या की फिटायची. एखाद्या घराची फिटायची नाही, मग त्याच्यापुढं नुसती आडवी रेघ.

एकदा एक आजी सहा-सात वर्षांच्या नातवाला घेऊन आली. ते पोरगं दोनदा माझ्याकडं केंद्रावर येऊन गेलं होतं. अंगात कणकण, खाईना, वाळत चाललेलं. मी मलेरियाच्या गोळ्या दिल्या होत्या. काकांनी आधी नळी लावलीच नाही. त्यांनी पान काढलं आणि विचारलं, “म्हातारा कुठंय गं?”

“कारखान्याला गेलाय की, दसऱ्यापासून.”

“आन् सुया?”

“तिकडं कोण टोचतंय डॉक्टरसाब? इथं दोन महिने घेतल्या, मग मुकादमाची गाडी आली.”

म्हाताऱ्याला टीबी होता. त्या काळी दीड-दीड वर्ष औषध चालायचं, त्यात रोज टोचायच्या सुया. ऊस तोडायला गेलेल्या माणसाला ते कुठून जमणार? काकांनी पोराची मान चाचपली, मग माझं बोट धरलं आणि पोराच्या जबड्याखाली ठेवलं. हरभऱ्याएवढ्या तीन गाठी, एकाला एक चिकटलेल्या. मी त्या पोराची पानथरी, म्हणजे प्लीहा, दोनदा तपासली होती, मान तपासली नव्हती. आणि घरातला म्हातारा कुठं आहे हे विचारायचं असतं, ते तर मला साडेचार वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. वॉर्डात पेशंट खाटेवर एकटा असतो हो. त्याचं घर त्याच्याबरोबर येत नाही.

पोराला टीबीचं औषध सुरू झालं, ते बरं झालं. आज तो चाळीस कोयत्यांचा, म्हणजे ऊस तोडणाऱ्या चाळीस जोडप्यांचा, मुकादम आहे आणि त्याची नातवंडं माझ्याकडं येतात. मी एमडीचा फॉर्म आणून ठेवला होता, तो भरला नाही.

कोयत्याचा विषय निघालाच आहे तर थांबतो जरा. २०१९ साली आपला जिल्हा देशभर गाजला, आठवतंय ना? नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून गेलेली बाई पिशवी काढून येते. मला रात्री झोप लागत नाही या आकड्यानं. त्या बाईला ऑपरेशनच्या आधी भेटणारा, तिला आणि तिच्या नवऱ्याला नावानं ओळखणारा, ‘थांब माय, आधी गोळ्या घेऊन बघू, पाळीच्या दिवसांत फडात सुट्टी मिळते का ते बघू’ असं म्हणणारा माणूसच मधून गेलाय. ती थेट टेबलावर पोचते.

तर अशी चोपडी पुढच्या पोरांना दाखवावी म्हणून मी एका कॉलेजला अर्ज केला होता. म्हटलं, दोन-दोन इंटर्न पंधरा दिवस माझ्याकडं पाठवा, राहायची-जेवायची सोय माझी, पैसा नको. चार वर्षांत तीन अर्ज केले. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की अशी तरतूद नाही. तिसऱ्याच्या वेळी मी स्वतः गेलो तर तिथल्या एका साहेबांनी विचारलं, “तुमच्याकडं खाटा किती?” मी म्हटलं, एक बाकडं आहे. अर्ज बाजूला ठेवला गेला. शिकवायचं म्हणजे खाटा पाहिजेत, हीच आपली मूळ चूक आहे.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं आहेत म्हणे. मग भराभर सांगतो.

माणूस शेवटचं जिथं शिकतो, ज्यांच्याकडं बघून शिकतो, त्यांच्याजवळच दुकान मांडतो. आपण पोराला पाच वर्षं सुपरस्पेशालिस्टांच्या मागं फिरवतो आणि मग विचारतो, बाबा, तू वडवणीला का गेला नाहीस? सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्षाची सेवा सक्तीची आहे. पण सक्तीनं वर्ष जातं, माणूस राहत नाही. त्या वर्षात पोरं एका हातानं पीजीची पुस्तकंच वाचत असतात, त्यांना दोष देऊन उपयोग नाही.

जपाननं १९७२ साली जिची नावाचं मेडिकल विद्यापीठ काढलं. प्रत्येक प्रांतातून दोन-तीन पोरं निवडायची, फी नाही, शिकून झालं की आपल्याच प्रांतात नऊ वर्षं काम. सक्ती तिथंही आहे. पण पोरगं मुळात त्या मातीतलं निवडलेलं असतं आणि आपण परत कुठं जायचंय हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. लांब कशाला, आपल्या सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना गावात नेऊन राहायला लावतात, घरं वाटून देतात.

कुणी म्हणेल, लातूरला १९६६ साली पुण्याहून डॉ. कुकडे आलेच की, विवेकानंद रुग्णालय उभं केलंच की. आले, आणि त्यांना माझा नमस्कार. पण असा माणूस पिढीतून एखादा येतो. तालुक्याला दरवर्षी चार डॉक्टर लागतात, ते कॉलेजच्या पद्धतीतूनच यायला पाहिजेत.

आणखी एक. डॉक्टर एकटा येत नाही. बायकोही बहुतेक डॉक्टर असते. तिला काम, लेकरांना शाळा, रात्री बोलायला चार माणसं लागतात. हे गावानं बघायचं आहे, सरकारनं नाही. बीएएमएस झालेली आपली पोरं आज वाडीवस्तीवर रात्री-अपरात्री जातात, तीच खरी फॅमिली डॉक्टर आहेत. त्यांना बाजूला ठेवून ही चर्चा करू नका. आणि फॅमिली मेडिसिनची डीएनबी, म्हणजे एमबीबीएसनंतरची पदवी, तीन वर्षांची असते, हे नीटच्या क्लासमध्ये एकदा तरी पोरांच्या कानावर घाला.

आता आठही जिल्ह्यांत कॉलेजं आहेत, म्हणजे बहुतेक तालुके कुठल्या तरी कॉलेजपासून दीड-दोन तासांच्या आत आले. इंटर्नला महिनाभर तालुक्याच्या दवाखान्यात बसवायला नवी इमारत लागत नाही. एसटीचा पास लागतो. चौथा अर्ज मी परवाच टाकलाय, या वेळी दोन कॉलेजांना. उत्तर येईल तेव्हा येईल. समोर जी इंटर्न पोरं-पोरी बसलीत त्यांनी अर्जाची वाट बघू नये. काकांची चोपडी त्यांच्या सुनेनं मला दिलीय, ती टेबलावर असते. माझी ओपीडी सकाळी नऊला सुरू होते.