गुलाल आणि शाई

श्रोतेहो, सलाम. जालन्याहून बोलतोय, इथल्या चर्चचा पाळक.

विधानसभेचा निकाल लागला शनिवारी, 23 नोव्हेंबर 2024 ला. रात्री उशिरापर्यंत डीजे वाजत होता. उजाडला तो ख्रिस्तराजाचा रविवार. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे आठवडे, लागण्याआधीचा हा शेवटचा रविवार. सण तसा फार जुना नाही, 1925 चा. तेव्हा युरोपात राजांची सिंहासनं कोसळली होती आणि हुकूमशहा डोकं वर काढत होते. अशा वेळी पोप अकरावे पायस यांनी तो घालून दिला.

सकाळी उपासनेला आमचा तबला वाजवणारा पोरगा आला, तर कानामागं गुलाल तसाच. तीनदा डोकं धुतलं म्हणे. त्याच्याच बाकावर पलीकडच्या टोकाला जे गृहस्थ बसले, ते पडलेल्या उमेदवाराचे बूथवरचे पोलिंग एजंट. दोघांच्या मध्ये चार माणसांची जागा मोकळी. एरवी हे काका त्याला गाडीवर घरी सोडतात.

आता माझीही चूक सांगतो. मतदानाआधीच्या रविवारी मी मोठ्या आवाजात मागितलं होतं, ‘‘प्रभू, आमच्या भागाला शेतकऱ्याच्या पोटचा माणूस दे.’’ हे शब्द एका उमेदवाराच्या पत्रकावर जसेच्या तसे छापलेले. बाहेर पडताना एका आजीनं हात धरला. ‘‘पाळकसाहेब, ही प्रार्थना व्हती का प्रचार?’’ मी हसून वेळ मारून नेली. पण ते वाक्य अजून सलतं आहे.

बायबलमध्ये प्रेषित पौलानं आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी काय करावं ते सांगितलंय: विनंत्या, प्रार्थना, रदबदली, उपकारस्तुती. यातल्या ‘रदबदली’शी मी दरवेळी अडतो. आपल्याकडं रदबदली करायची ती साहेबांकडं, पुढाऱ्याकडं. विहिरीच्या फाईलसाठी, पोराच्या बदलीसाठी. इथं उलटंच. साहेबासाठीच आपण वर जाऊन रदबदली करायची. आणि परंपरा सांगते की पौलाचा जीव घेणारा सम्राट नीरोच होता. म्हणजे माणूस आवडता असो नसो, त्यातून सुटका नाही.

जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्या काळी हा मुलूख निजामाचा होता. त्यांच्या मंडळीला मत कुठलं? राज्यकर्ता बदलणं हातात नव्हतं, त्याच्यासाठी हात जोडणं तेवढं होतं. आपल्याला दोन्ही मिळालंय. त्या रविवारी हात जोडले तेव्हा जवळजवळ प्रत्येकाच्या डाव्या तर्जनीवर शाई होती. कातडीवरची लवकर जाते, नखावरची मात्र नख वाढेपर्यंत हटत नाही.

मुख्यमंत्री कोण, हे त्या रविवारी ठरलेलं नव्हतं. तरी प्रार्थनेला थांबायची गरज नव्हती. पत्ता नसला तरी अर्ज पोचतो, आणि तसं एक हेच कार्यालय आहे.

चला, जिथं असाल तिथं डोळे मिटा.

हे प्रभू, मराठवाड्यातून निवडून गेलेल्या 46 जणांसाठी आम्ही रदबदली करतो. ज्यांना आम्ही मत दिलं नाही, त्यांची नावं आधी घेतो. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असताना अडतीवर शेतकऱ्याच्या हातात काय पडलं, हे त्यांना कुणी सांगायची वाट पाहायला लावू नकोस. जे पडले त्यांच्या घरी आज चूल पेटू दे, आणि त्यांच्या कार्यकर्त्यांना कुणी टोमणा मारू नये. कोयता घेऊन उसाच्या फडावर गेलेल्यांच्या म्हाताऱ्या आईबापांना सांभाळ. जातीवरून गावागावांत ज्या दोन बाजू पडल्यात, त्यांच्यात बोलणं पुन्हा सुरू कर. आमच्या बाकावरची चार माणसांची जागाही बघ. आणि मला प्रचारापासून राख. आमेन.