चिठ्ठीतली अहिराणी

(दृश्य : सातपुड्याचा पायथा. कापसाची शेतं. शाळेच्या ओट्यावर चपलांची रांग.)

चोपड्याहून सातपुड्याकडे निघालं की दोन्ही अंगांना कापूसच कापूस. वेचणी सुरू झाली की वर्गातले बाक रिकामे पडतात, म्हणून समवयस्क शिक्षकांचं हे प्रशिक्षण त्याआधीच उरकून घेतलंय.

सतरंजीवर बसलेली ही मुलं-मुली पंधरा ते एकोणीस वर्षांची. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला. त्यात साधारण हजार वस्तीमागे चार समवयस्क शिक्षक ठरले, दोन मुलगे आणि दोन मुली. सहा दिवस शिकायचं आणि मग आपल्याच वयाच्या पोरापोरींचा गट चालवायचा.

पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं, "किशोरवय म्हणजे?" एकानं उभं राहून धडा म्हटल्यासारखं सांगितलं, "दहा ते एकोणीस वर्षे." सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रश्न मात्र एकालाही पडला नाही.

(दृश्य : बुटांच्या खोक्याला पाडलेली फट.)

ही प्रश्नपेटी. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही. दोन दिवसांत जेमतेम चार चिठ्ठ्या पडल्या, त्याही पुस्तकी मराठीत. तिसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, "घरात बोलता तसंच लिहा." संध्याकाळपर्यंत खोकं भरलं.

चौकटीच्या वहीतलं पान, आठ घड्या घातलेलं. आत पेन्सिलीनं लिहिलंय : "पाळीमा लोणचाले हात लावा ते सडस का?"

नाही. लोणचं नासतं ते ओल्या चमच्यानं, तेल कमी पडल्यानं, बुरशीनं. पाळीचा त्याच्याशी संबंध नाही. ताईंनी हे इथल्या घरच्या बोलीत, अहिराणीतच सांगितलं. मागच्या रांगेतल्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि पहिल्यांदाच एक हात वर झाला.

आम्हाला या सहा दिवसांतलं सर्वांत मोलाचं वाटलं ते हेच. शरीराबद्दलचा प्रश्न माणसाला घरच्या बोलीतच पडतो. उत्तर परक्या भाषेत आलं की ते वहीत राहतं.

निळ्या गोळीचंही तसंच. आठवड्यातून एक, लोह आणि फॉलिक अॅसिडची. पोरी ती ओढणीच्या टोकाला बांधून नेतात आणि वाटेत टाकून देतात. का? "मळमळतं. शौचाला काळं होतं." काळं होणं साधी गोष्ट आहे, घाबरायचं कारण नाही. गोळी जेवणानंतर घ्यायची, चहासोबत नाही. आणि सातपुड्यातल्या आदिवासी वस्त्यांत आणखी एक गोष्ट सांगावीच लागते : अशक्तपणामागे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही असू शकतो. तो गोळीनं जात नाही, त्यासाठी रक्ताची तपासणीच हवी.

(दृश्य : मुलांचा गट. एक जण पानटपरीवाला झालाय.)

राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळते. मित्रानं पुढे केलेली पुडी मैत्री न तोडता कशी नाकारायची? प्रत्येक जण करून बघतोय. एकाला जमत नाही, तो तीनदा अडखळतो. चौथ्यांदा म्हणतो, "नको रे भो," आणि मित्राच्या खांद्यावर हात टाकून त्याला क्रिकेटकडे ओढून नेतो. जीवनकौशल्य म्हणतात ते हेच.

सर्वांत अवघड धडा ऐकून घेण्याचा. कुणी मन मोकळं केलं तर ते गावभर करायचं नाही. पण मारहाण, अत्याचार, जीव द्यायचा विचार, अठराच्या आत ठरवलेलं लग्न, यातलं काही असेल तर एकट्यानं पोटात ठेवायचं नाही. आशाताईंना सांगायचं, १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकाला फोन करायचा. वचन देतानाच हे स्पष्ट बोलायचं. त्यावर एका मुलीनं विचारलं, "मग ती माझ्याशी कधीच बोलली नाही तर?" ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "रागावेल. तरी सांगायचं."

(दृश्य : सहावा दिवस. शाळेचा ओटा, उतरतं ऊन.)

आठवीतली एक पोर प्रशिक्षणातल्या मुलीजवळ येऊन बसलीय. पाळीत पोट फार दुखतं, शाळा बुडते. सरकारी दवाखान्यातल्या किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिकमध्ये समुपदेशक ताई भेटतात, हे तिला कळलंय. जायचं मात्र नाही.

"माले लाज वाटस."

मोठी काही समजावत बसत नाही. जवळ सरकते.

"मी बी येस तुनासंगे."

(दृश्य : दोघींच्या चपला, ओट्याच्या पायरीवर शेजारी शेजारी.)