सिमोन व्हेय : हातावरचा 78651

नमस्कार मंडळी. या व्यासपीठावर आपण दरवर्षी आपल्याकडच्या थोरामोठ्यांची आठवण काढतो. आज मला आपली मुलं जिथे लहानाची मोठी होतायत, त्या फ्रान्समधल्या एका बाईंबद्दल बोलायचंय. पॅरिसला मेट्रोच्या 3 नंबरच्या लाइनवर ‘यूरोप – सिमोन व्हेय’ स्थानक लागतं. माझ्या लेकीने एकदा तिथे विचारलं, ‘‘आई, या कोण?’’ तेव्हा मला धड सांगता आलं नाही. मग मी वाचायला बसले.

सिमोन 1927 साली नीसला एका ज्यू घरात जन्मल्या. मार्च 1944 मध्ये त्यांनी शाळेची शेवटची परीक्षा दिली आणि दुसऱ्याच दिवशी गेस्टापोने, म्हणजे नाझी जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना पकडलं. आई आणि बहिणीसोबत आउश्वित्झच्या मृत्युछावणीत नेलं. गाडीतून उतरताना एका कैद्याने त्यांना हळूच सांगितलं, वय अठरा सांग. त्या सोळाच्या होत्या. लहान मुलांना तिथे उतरल्या उतरल्या मारत. अठरा सांगितलं, म्हणून वाचल्या. हातावर कैद्याचा आकडा गोंदला गेला : 78651. पुढे बर्गेन-बेल्सनच्या छावणीत आई टायफसने गेली. वडील आणि भाऊ परत आलेच नाहीत.

परत आल्यावर त्या कायदा शिकल्या, न्यायसेवेत शिरल्या. तुरुंग खात्यात असताना कैदी बायकांची अवस्था सुधारावी म्हणून त्या झटल्या. मला वाटतं, कोंडलेल्या माणसाचं दुःख त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नसेल.

1974 साली त्या आरोग्यमंत्री झाल्या आणि गर्भपाताला कायदेशीर मान्यता देणारं विधेयक त्यांच्याकडे आलं. तेव्हा फ्रान्समध्ये गर्भपात गुन्हा होता. ज्यांच्याकडे पैसे, त्या इंग्लंडला जात. बाकीच्या चोरून, जीव धोक्यात घालून मोकळ्या होत. (आपल्याकडे हा कायदा 1971 सालीच झाला होता आणि त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा.) 26 नोव्हेंबरला व्हेय बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहात 490 सदस्य, त्यांत बायका फक्त 9. त्या म्हणाल्या, कोणतीही स्त्री आनंदाने गर्भपात करत नाही, बायकांचं नुसतं ऐकून घेतलं तरी कळेल.

चर्चा तीन दिवस चालली. एका सदस्याने तर भट्टीत टाकलेल्या भ्रूणांची भाषा केली. ज्या बाईंचं घरदार छावण्यांनी गिळलं, त्यांच्या तोंडावर! हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. त्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. 29 तारखेला पहाटे 284 विरुद्ध 189 मतांनी विधेयक मंजूर झालं. स्वतःच्या आघाडीतल्या बहुतेकांनी विरोधात मत दिलं होतं. विरोधी बाकांवरच्या डाव्यांनी ते तारलं.

1979 साली लोकांनी थेट निवडून दिलेल्या युरोपियन संसदेच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. ज्या जर्मनीने घर उद्ध्वस्त केलं, त्याच जर्मनीशी फ्रान्सने हातमिळवणी करावी, असा त्यांचा आग्रह होता. इतकं मोठं मन कुठून आणलं असेल, हे मला अजून उमगलेलं नाही.

2010 साली त्या फ्रेंच अकादमीत, म्हणजे फ्रेंच भाषेची राखण करणाऱ्या मानाच्या संस्थेत, दाखल झाल्या. तिथे प्रत्येक सदस्याला एक तलवार मिळते आणि तिच्यावर काय कोरायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. व्हेय यांनी फ्रान्सचं ब्रीदवाक्य कोरून घेतलं, युरोपचंही घेतलं आणि तिसरा कोरला तो हातावरचा आकडा.

2017 साली त्या गेल्या. वर्षभराने पती आंत्वान यांच्यासह त्यांना पाँथेऑनमध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या थोरामोठ्यांच्या पॅरिसमधल्या समाधिस्थळी, ठेवलं. या सुट्टीत लेकीला तिथे घेऊन जाणार आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय.